पडणारा खटका

२०२४ सालच्या आषाढांत आमच्या घरांतील वीज रोज पहाटे रुसूं लागली. सगळ्या पेठेची वीज गेली असती तर आम्हांला इतकें वाईट वाटलें नसतें. सार्वजनिक काळोखांत एक प्रकारचें सख्य असतें, शेजारच्या गॅलरींतून "तुमच्याकडेही गेली का?" असा प्रश्न आला कीं निम्मा अंधार तेथेंच नाहींसा होतो. परंतु समोरच्या इमारतींत दिवे, खालच्या मजल्यावर दिवे, जिन्यांत दिवे, आणि मध्यें आमचेंच बिऱ्हाड तेवढें काळवंडलेलें, ही स्थिति मोठी लाजिरवाणी. दारामागील पेटी उघडून पाहावें तों तिच्यांतला एक रुंद खटका खालीं मान घालून पडलेला असे. तो वर करावा, घर उजळावें, चहाचें आधण ठेवावें, आणि इतक्यांत पुन्हां 'खट्' असा आवाज होऊन सर्व शांत!

आम्ही तर्कशास्त्राचे अध्यापक आहों. कार्याचें कारण कसें शोधावें याविषयीं जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ज्या पांच रीति सांगितल्या आहेत, त्या आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें फळ्यावर लिहीत आणि पुसत आलों आहों. अन्वय, व्यतिरेक, त्या दोहोंचा मेळ, अवशेष आणि सहचारी परिवर्तन, हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते व आम्हांला झोपेंतही पाठ आहेत. तेव्हां दारामागच्या एका खटक्याचें कारण शोधून काढणें हें आमच्या व्यवसायाला धरूनच होतें. तें आम्हांला कसें साधलें नाहीं, आणि त्यापायीं घरांत काय होऊं घातलें होतें, तें आज मोकळ्या मनानें सांगावयाचें आहे.

आमच्या लहानपणीं हे खटके नव्हते. मिरजेच्या आमच्या जुन्या घरांत मीटरच्या फळीवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज असत. त्यांना सगळे 'किटकॅट' म्हणत. दिवे गेले कीं वडील स्टूल मागवीत, आई बॅटरी धरी, आणि आम्ही खालीं उभे राहून जळलेल्या तारेचा वास घेत असूं. मीटरमागें एका पुठ्ठ्याला गुंडाळलेली बारीक तार खोंचलेली असे. वडील तिचा हातभर तुकडा सोडवून फ्यूजच्या दोन स्क्रूंमध्यें ताणून बसवीत; कितीही घाई असली तरी त्यांनीं तिचे दोन पदर केल्याचें आम्हांला स्मरत नाहीं. आमच्या काकांची रीत निराळी होती. वारंवार स्टुलावर चढण्याचा कंटाळा येऊन त्यांनीं एकदां तांब्याची चांगली जाड तार बसविली, आणि "आतां दहा वर्षें पाहावयास नको," असें जाहीर केलें. तें कदाचित् खरेंही झालें असतें. पण त्याच उन्हाळ्यांत माजघराच्या भिंतीवरील लाकडी पट्टी एका जागीं काळी पडली आणि घरभर रबर जळाल्याचा वास सुटला. फ्यूजमधली तार वितळेना, म्हणून भिंतीवरच्या तारा तापूं लागल्या होत्या. वडिलांनीं ती जाड तार काढून काकांच्या हातांत ठेवली आणि एवढेंच म्हटलें, "जळण्यासाठीं ठेवलेली वस्तु जळूं द्यावी."

त्या फ्यूजचा एक गुण आतां मागें वळून पाहतांना जाणवतो. तो गेला कीं स्टूल, बॅटरी, पेचकस, तार एवढी सामग्री जुळवीपर्यंत दहा मिनिटें सहज जात, आणि तेवढ्या वेळांत 'कां गेला?' हा प्रश्न विचारण्यास घरांतल्या सर्वांना सवड मिळे. कोणी इस्त्रीकडे बोट दाखवी, कोणी पंपाकडे. आतांच्या खटक्याला बोटाचा एक धक्का पुरतो. कारण विचारण्याच्या आधींच काम होऊन जातें.

हा खटका तसा कालपरवांचा नव्हे. जर्मनींत मॅनहाइम येथें ह्यूगो स्टॉट्झ याच्या कंपनीनें फ्यूजऐवजीं वापरावयाचा लहान स्वयंचलित खटका १९२४ सालीं काढला. त्याच्या पोटांत दोन राखणदार असतात. एक म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींस चिकटविलेली पट्टी; तिच्यांतून अधिक प्रवाह जाऊं लागला कीं ती तापते, एक धातु दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावते, पट्टी वांकते आणि वांकतां वांकतां खटका पाडते. हा राखणदार संथ आहे. दुसरा म्हणजे तारेचें एक वेटोळें; दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकाएकीं अनेक पटींनीं उसळला कीं त्या वेटोळ्याचें चुंबक होऊन सेकंदाच्या एखाद्या शतांशांत वाट तुटते. हा तापट आहे. हे दोघेही राखण करतात ती मात्र भिंतींतल्या तारेची, आणि हा मुद्दा आम्हांला फार उशिरां उमगला.

ज्येष्ठांत आमची कन्या माहेरीं आली होती, तेव्हां आमच्या स्वयंपाकघरांतला असाच एक खटका पडूं लागला. तो लगेच पडत नसे. सर्व सुरळीत चाललें आहे असें वाटावें आणि कांहीं मिनिटांनीं पडावा. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. इंडक्शनची शेगडी २००० वॅट, केक भाजण्याची भट्टी २०००, पाणी तापविण्याची किटली १५००, एकूण ५५००. त्यास २३० व्होल्टांनीं भागिलें तों प्रवाह सुमारें २४ अँपियर आला, आणि खटक्यावर तर १६ लिहिलेलें! नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दीडपट ओझें तो बिचारा कांहीं मिनिटें सोसून मग खालीं टाकीत होता. कोपऱ्यावरच्या दुकानदारानें ३२ चा खटका देऊं केला, पण भिंतींतली तार अडीच चौरस मिलिमीटरची आणि खटका ३२ चा, म्हणजे आमच्या काकांची जाड तारच नव्या कपड्यांत परत यावयाची. आम्हीं तो घेतला नाहीं. केक भाजीत असतां चहा गॅसवर करावा, असा तह झाला आणि खटका पडावयाचा थांबला. घरांत आमचें कौतुक झालें. या विजयानेंच पुढें आमची मति फिरविली.

आषाढांत जो खटका पडूं लागला तो हा नव्हे. तो पेटीच्या आरंभींचा, सर्व घराचा, रुंदीला दुप्पट असा होता, आणि त्याच्यावर ठळक आंकड्यांत ४० असें लिहिलेलें होतें. आम्हीं एक वही घातली. तारीख, वेळ, त्या समयीं घरांत काय काय चालू होतें, बाहेर पाऊस होता कीं नव्हता, असे रकाने आंखले. बारा दिवसांत खटका सतरा वेळां पडला. प्रत्येक वेळीं पहाटेचे साडेपांच ते सात. प्रत्येक वेळीं न्हाणीघरांतील गीझर चालू. बहुतेक वेळीं पाऊस. आमच्या वर्गांतला अगदीं मागच्या बाकावरचा विद्यार्थीही अन्वयाच्या रीतीनें गीझरला आरोपी ठरविता. परंतु आम्हीं गीझरला निर्दोष सोडलें, आणि तें कसें, हें ऐकण्यासारखें आहे. गीझर २००० वॅटचा. त्याचा प्रवाह पावणेनऊ अँपियर. त्याचा स्वतःचा खटका १६ चा, आणि तो एकदांही पडला नव्हता. उलट घराचा मोठा खटका ४० चा. तो पाडावयास ९२०० वॅटांहून अधिक ओझें पाहिजे. पहाटे गीझर आणि दोन दिवे यांपलीकडे घरांत कांहीं चालू नसतें. सबब ओझ्यामुळें खटका पडणें अशक्य. सबब खटकाच बिघडलेला. अनुमानांत कोठेंही वैगुण्य नाहीं. आम्ही एकच गुन्हा ओळखत होतों, अधिक ओझ्याचा, आणि त्या गुन्ह्याच्या कलमाखालीं गीझर खरोखरच निर्दोष होता. ४० या मोठ्या आंकड्याखालीं त्याच खटक्यावर बारीक अक्षरांत आणखी एक आंकडा होता, ०.०३. तो वाचावयास आम्हीं चष्माही लावला नव्हता.

या दिवसांत आमची आई, वय ब्याऐंशी, दोनदां म्हणाली, "माझ्या आंघोळीच्या वेळींच कशी रे वीज जाते?" आम्हीं उत्तर दिलें कीं ती सर्वांच्याच आंघोळीच्या वेळीं जाते, घरांत पहाटे पहिली आंघोळ तुझी, म्हणून तुला तसें वाटतें. याला काकतालीय न्याय म्हणतात, हेंही आम्हीं तिला सांगितलें. ती गप्प बसली.

येथें थोडें मागें जावयास हवें. चैत्रांत एके दिवशीं न्हाणीघरांतून बाहेर येऊन आई म्हणाली होती, "नळ चावतो." आईला पंधरा वर्षांचा मधुमेह. पायांना मुंग्या येणें, हातांना झिणझिण्या येणें हें आमच्या घरांत नवीन नाहीं. त्यासाठीं तिची एक गोळी चालूच आहे. गोळी वेळेवर घेतेस ना, असें आम्हीं विचारलें. आठ दिवसांनीं ती पुन्हां तेंच म्हणाली, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं स्वतः नळाला हात लावून पाहिला. त्यांना कांहीं लागलें नाहीं. (त्यांच्या पायांत रबरी चपला होत्या आणि गीझर बंद होता, हें पुढें ध्यानांत आलें.) त्यानंतर आईनें तो विषय काढला नाहीं. मात्र माळ्यावरचा जुना सागवानी पाट तिनें काढून मागितला आणि आंघोळीला त्यावर उभी राहूं लागली. नळ उघडतांना ती कोरड्या पंचाचें टोंक हाताला गुंडाळी. आम्ही हें पाहात होतों. म्हातारपणीं सोवळें-ओवळें पुन्हां अंगांत येतें, असें आम्ही आपसांत बोललों, आणि एका व्याख्यानांत रूढीचें मानसशास्त्र समजावून देतांना, नांव न घेतां, तो दृष्टांतही दिला.

असो. खटका बिघडलेला आहे असा निर्णय झाल्यावर आम्हीं जवळच्या एका वायरमनला बोलाविलें. तरुण, चटपटीत मनुष्य. त्यानें पेटी उघडली, खटक्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "ई. एल. सी. बी. आहे, साहेब. पावसाळ्यांत हिचा असाच त्रास असतो. जरा दमट झालं कीं पडते. नवी घातलीत तरी पडेल. डायरेक्ट करून देऊं का?" डायरेक्ट म्हणजे काय, हें आम्हीं विचारलें नाहीं, असें लिहिण्याचा मोह होतो, पण आम्हीं विचारलें होतें, आणि त्यानें सरळ सांगितलें होतें कीं वीज खटक्यांतून न जातां बाहेरच्या बाहेर जाईल. त्या आठवड्यांत आमच्याकडे तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, पहाटेचा वेळ अंधारांत जात होता, आणि आईचें पाणी तापत नव्हतें. "करा," असें आम्हीं म्हटलें. तारेचे दोन तुकडे लागले, दहा मिनिटें लागलीं, दोनशें रुपये लागले. निबंधलेखनांत 'आम्ही' असें म्हणण्याची जी जुनी चाल आहे ती आम्हांला एरवीं फार सोयीची वाटते. पण "करा" असें म्हणणारा घरांत एकच मनुष्य होता, आणि तो हा लेख लिहीत आहे.

पुढचे नऊ दिवस घरांत मोठी शांतता नांदली.

दहाव्या दिवशीं आईच्या खोलींतला पंखा सावकाश फिरूं लागला म्हणून आमच्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेले वायरमन आले. यांना आम्ही पंचवीस वर्षें ओळखतों. प्रयोगशाळांपासून सभागृहापर्यंत कॉलेजांतल्या सगळ्या तारा त्यांच्या हातच्या आहेत. पंख्याची वीज बंद करावी म्हणून त्यांनीं दारामागची पेटी उघडली, आणि उघडी ठेवूनच ते वळले.

"सर, हें कोणीं केलं?"

आम्हीं सर्व हकीकत सांगितली, वही दाखविली, ४० अँपियरचें आमचें अनुमानही ऐकविलें. त्यांनीं तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग खिशांतून चष्मा काढून आमच्या हातीं दिला आणि खटक्यावरील बारीक आंकडा वाचावयास सांगितला.

"चाळीस म्हणजे हिच्यांतून किती वीज जाऊं शकते तें. ही पडते ती या शून्य पॉइंट शून्य तीनला. ही ओझं बघतच नाहीं, सर. ही हिशेब बघते. फेजनं जेवढी आंत गेली तेवढी न्यूट्रलनं परत आली पाहिजे. कमी भरली, तर मधें कोठें तरी झिरपली."

त्या रुंद खटक्याच्या पोटांत लोहाचें एक कडें असतें, आणि जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्यांतून ओंवलेल्या असतात. दोहोंतील प्रवाह समान असतात तोंवर त्यांचे परिणाम एकमेकांस मारतात आणि कडें स्वस्थ राहतें. परत येणारा प्रवाह थोडा जरी उणा पडला तरी कड्यांत चुंबकत्व उत्पन्न होऊन खटका पडतो. 'थोडा' म्हणजे घरगुती खटक्यांत अँपियरचे तीन शतांश, अर्थात् ३० मिलिअँपियर. नऊ वॅटचा लहानसा दिवा जेवढी वीज घेतो त्याहूनही कमी. इतका कंजूष हिशेब कशासाठीं, याचें उत्तर माणसाच्या देहांत आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें चार्ल्स डाल्झील नांवाचे एक विद्युत्शास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून, किती प्रवाहापर्यंत हातांत धरलेली तार माणसाला आपण होऊन सोडतां येते, तें मोजलें. पुरुषांच्या बाबतींत ती मर्यादा सरासरीनें १६ मिलिअँपियर आणि स्त्रियांच्या बाबतींत साडेदहा अशी आली. त्यापुढें मूठ आपली राहात नाहीं. याच डाल्झील यांनीं १९६१ सालीं आपल्या देशासाठीं असा खटका तयार केला, आणि अमेरिकेंतील घरांत तो सुमारें ५ मिलिअँपियरलाच पडतो. आमच्या गीझरचा १६ अँपियरचा खटका, ज्याच्या साक्षीवर आम्हीं गीझरला सोडून दिलें होतें, तो या ३० मिलिअँपियरच्या पांचशेंपट प्रवाहालाही हूं कीं चूं करीत नाहीं. तारेला त्यानें कांहींच होत नसतें.

वायरमनांनीं पंखा तसाच ठेवला. प्रथम ते दोन तुकडे काढून खटका पूर्ववत् जोडला. मग घरांतील सगळे लहान खटके खालीं केले, भिंतींतले सगळे प्लग उपटून काढले, फ्रिजचा सुद्धां. बटण बंद करणें पुरत नाहीं, असें ते म्हणाले; बटण फेजची तार तोडतें, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, आणि गळती त्या वाटेनेंही दगा देते. मग मोठा खटका वर. तो टिकला. मग एकेक लहान खटका वर करून प्रत्येक वेळीं थोडें थांबणें. मग एकेक प्लग. मिलच्या व्यतिरेकाच्या रीतीचा इतका शुद्ध प्रयोग आम्हीं आजवर पुस्तकांतही वाचला नव्हता. शेवटीं गीझर चालू केला. आम्ही श्वास रोधून उभे होतों. खटका पडला नाहीं.

त्या दिवशीं चार दिवसांची उघडीप होती. आम्हांला, खोटें कशाला बोला, किंचित् बरें वाटलें.

वायरमन वहीचीं पानें चाळीत होते. "पहाटे आंघोळ कोण करतं?" आई, असें आम्हीं सांगितलें. ते उठून थेट तिच्या खोलीच्या दारांत जाऊन उभे राहिले.

"आजी, न्हाणीघरांत नळाला हात लावतां तेव्हां कांहीं लागतं का?"

"चावतो," आई म्हणाली. "चैत्रापासून चावतो. सांगितलंय मी यांना."

टेस्टर नळाला टेंकतांच त्यांतला तांबडा दिवा लागला. मीटर लावून पाहिलें तों नळ आणि ओली फरशी यांच्यामध्यें साठ-सत्तर व्होल्ट. त्यांनीं गीझरचा तीन कांट्यांचा प्लग उघडला. मोठ्या कांट्याला जोडावयाची हिरवी तार स्क्रूमधून निसटून मोकळी लोंबत होती. म्हणजे गीझरच्या अंगावर आलेल्या विजेला जमिनींत उतरण्याचा जो राजमार्ग, तोच तुटलेला. आणि अंगावर वीज येत होती ती आंतल्या कॉइलमधून. उन्हाळ्यांत टँकरचें जड पाणी. क्षारांचें पूट चढून कॉइलच्या धातूच्या नळींत चीर गेलेली, आणि तींतून ओल आंत शिरलेली.

मग त्यांनीं आमच्या वहींतल्या पावसाच्या रकान्याचा अर्थ लावून दाखविला. आमची इमारत १९८६ च्या सुमाराची, नळ लोखंडी, भिंतींत गाडलेले. चैत्र-वैशाखांत भिंती कोरड्या असतात; तेव्हां गीझरच्या अंगावरील वीज नळाच्या तोंडाशीं येऊन थांबे, आणि ओल्या फरशीवर उभें राहून जो हात लावील त्याच्या देहांतून थोडी वाट काढी. ती थोडीच असल्यामुळें खटका पडत नसे. आषाढांत भिंती भिजल्या, आणि तीच वीज नळांवाटे भिंतींत झिरपूं लागली. ती झिरप तिसाच्या घरांत गेली कीं खटका पडे. खटका आषाढांत बोलूं लागला. आई त्याच्या आधीं तीन महिने बोलत होती.

"पण मग या नऊ दिवसांत…" आम्हीं विचारलें, आणि पुढें शब्द सुचेना.

त्यांनीं न्हाणीघराच्या कोपऱ्यांत भिंतीला टेंकून ठेवलेल्या पाटाकडे पाहिलें. कोरडा करून, उभा करून ठेवण्याची आईची शिस्त आहे. त्यांनीं तो उचलून पाहिला, खालच्या दोन आडव्या पट्ट्यांवरून अंगठा फिरविला आणि परत जागेवर ठेविला. "चांगलं सागवान आहे," एवढेंच ते म्हणाले.

हिरवी तार त्यांनीं नीट बसविली. कॉइल अजून जुनीच होती. "आतां बघा," म्हणून त्यांनीं गीझरचें बटण दाबलें, आणि दाबतांच दारामागें 'खट्' झालें, सगळें घर अंधारलें. आषाढभर ज्या आवाजानें आमच्या कपाळाला आठी पडत होती, त्याच आवाजावर ते गृहस्थ समाधानानें म्हणाले, "आतां बरोबर पडली." दुपारीं नवी कॉइल आली. ती बसविल्यावर गीझर तासभर चालू ठेवला; खटका जागचा हलला नाहीं; टेस्टर नळाला लावला, दिवा लागला नाहीं. आईला बोलावून नळाला हात लावावयास सांगितलें. तिनें आधीं हाताची मागची बाजू लावली, हें आम्हीं पाहिलें. मग तळवा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "नाहीं चावत." त्या रात्रीं तिच्या गोळ्यांच्या डबींत आमचेंच लक्ष लागेना.

तिची क्षमा कशी मागावी हें आम्हांला कळत नव्हतें. दोन दिवस गेल्यावर आम्ही तिच्यापाशीं जाऊन बसलों आणि झालें तें सर्व सांगितलें, त्या नऊ दिवसांसुद्धां. तिनें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "तुझे वडील असते तर विचारलं असतं त्यांनीं." आणि थोड्या वेळानें, "पाट मात्र राहूं दे. गुडघ्याला बरा पडतो."

जातांना वायरमनांनीं रुंद खटक्यावरील 'टी' अक्षराचें एक लहान बटण दाखवून, तें महिन्याला एकदां दाबून पाहावयास सांगितलें होतें. तें दाबलें कीं खटका मुद्दाम गळती झाल्याचें सोंग आणून स्वतःला पाडून पाहतो. हिरवी तार शाबूत आहे कीं नाहीं तें त्यावरून कळत नाहीं, ती निराळी तपासावी लागते, असेंही त्यांनीं बजावलें. आम्हीं ही गोष्ट रोजनिशींत लिहून ठेवली आणि दुसऱ्याच महिन्यांत विसरलों. आतां तें काम आईकडे आहे. तिची संकष्टी चुकत नाहीं. त्या दिवशीं दुपारीं ती आम्हांला हांक मारून दारामागें उभी करते, स्टुलाची जरूर नसतांना स्टूल मागविते, बॅटरी स्वतः धरते, आणि खटका पडून घर निमिषभर अंधारलें कीं बॅटरीचा झोत पेटीवर टाकून विचारते, "पडला ना?"